खिन्नतेचं कारण मँगनीज

तेलरंग वाळत नाहीत. कपडे वाळतात, ओली भिंत वाळते, पण तेलरंगाचं तसं नसतं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषत शोषत घट्ट होतं, आणि त्याला कसलीही घाई नसते. पातळ थर बोटाला चिकटायचा थांबायला दोन दिवसही लागतात आणि दोन आठवडेही. जाड थर असेल तर वरून नुसती साय धरते, आत सगळं ओलंच. व्हार्निश मारायच्या आधी सहा महिने ते वर्षभर थांबावं, असं जाणकार सांगतात. सबमिशन मात्र सोमवारी असतं.

ललित कलेच्या पदवीचं वेळापत्रक या रसायनशास्त्राकडे काणाडोळा करून आखलेलं असतं. मग विद्यार्थी आपापले मार्ग काढतात. कॅडमियम रेड, अलिझरिन, आयव्हरी ब्लॅक हे निवांत गडी, त्यांच्या भरवशावर राहिलात तर बुडालात. बर्न्ट अंबर हा तपकिरी मात्र चटकन वाळतो. त्यात मँगनीज असतं, आणि मँगनीज तेलाला कामाला लावतं. हे सिलॅबसमध्ये नसतं, सीनिअर मंडळी ज्युनिअरच्या कानात सांगतात. त्यामुळे सबमिशनच्या आठवड्यात अख्खा वर्ग तपकिरी होतो. आकाश तपकिरी, समुद्र तपकिरी, खिडकीत बसलेली मुलगी तपकिरी. परीक्षक येतात, दोन पावलं मागे सरकतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "या बॅचच्या कामात एक खोल खिन्नता आहे."

आपण म्हणायचं, "हो सर."

मँगनीजचं नाव काढायचं नाही. इथे चित्र काढायला शिकवतात हे खरंच आहे, पण निम्मं आयुष्य जातं ते काढलेल्या चित्राबद्दल बोलण्यात. आणि बोलताना खरं कारण कधीच चालत नाही. "कागद तेवढाच उरला होता" हे कारण नव्हे. "अपुरेपणाचा शोध घेत होते" हे कारण.

पहिल्या वर्षी मात्र तोंड उघडायची वेळ फारशी येत नाही. फाउंडेशनला फक्त हात दुखतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी रंगवा, म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण सहावी आणि सातवी पायरी जुळ्या बहिणी निघतात, आठवी एकदम अंधारात उडी मारते, आणि सगळं दुरुस्त करून होईस्तोवर रंग वाळून त्याची छटाच बदललेली असते. मग रंगचक्र. मग एकच राखाडी चौकोन दोन वेगवेगळ्या रंगांवर ठेवून तो दोन वेगळे राखाडी असल्यासारखा दाखवा. हा व्यायाम चित्रकार आणि शिक्षक जोसेफ आल्बर्स यांनी १९६३ साली पुस्तकात घालून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारला. असा पायाभूत वर्ग भरवायची कल्पना १९१९ साली जर्मनीत सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत चांगलीच रुजली. तिथल्या पहिल्या मास्तरांपैकी योहान्स इटेन मुलांकडून तासाच्या सुरुवातीला श्वासाचे व्यायाम करून घेत. आमच्याकडून कुणी घेतले नाहीत. सहाव्या-सातव्या पायरीपाशी ते आपोआप होत होते.

मग येतं लाइफ ड्रॉइंग. समोर जिवंत माणूस, अंगावर कपडे नाहीत. बाहेरच्यांना हा विषय भलताच रंगतदार वाटतो. घरी तर तो काढायचाच नाही, अभ्यासक्रमाच्या कागदावर "मानवी देह: रचना आणि प्रमाण" असं छापलेलं असतं तेवढं दाखवायचं. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटाला समोर माणूस आहे हेच आपण विसरतो, कारण घोट्याचं काय करायचं या विवंचनेत असतो. एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घ्यायची. सर्वसाधारण माणूस त्याच्या स्वतःच्या साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. पहिलं डोकं आपण हौसेने मोठं काढलेलं असतं, त्यामुळे साडेसहाव्या डोक्याशीच कागद संपतो. पहिल्या सत्रात आमच्या वर्गातल्या एकाही माणसाला पाय नव्हते. परीक्षकांनी यावरही काहीतरी म्हटलं होतं, बहुधा "मुळं तुटल्याची भावना".

या विषयाचे दुष्परिणाम कायमचे असतात. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, वर नव्हे, हे एकदा कळलं की पाहुण्यांच्या पोराने काढलेलं "माझी आई" कौतुकाने बघता येत नाही. काका समोर बसून माझ्या भवितव्याबद्दल कळकळीने बोलत असतात आणि मला त्यांच्या हनुवटीखालचा परावर्तित प्रकाश दिसत असतो. शर्ट पांढरा असला की तो फार सुंदर पडतो: सावलीच्या आत एक मऊ, उजळ पट्टी, कडेला जरा निळसर. काका विचारतात, "लक्ष आहे का?" लक्ष असतं. इतकं लक्ष त्यांच्याकडे आजवर कुणी दिलं नसेल.

प्रिंटमेकिंग आणि शिल्पकला झटपट सांगते. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून छापताना, प्लेटवर काढलेलं सगळं कागदावर उलटं उमटतं, त्यामुळे सहीसुद्धा उलटी करायला शिकावं लागतं. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलंच तापतं आणि आपण साचा अजून नीट लावतोय याची अजिबात फिकीर करत नाही. आणि जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. आमच्या स्टुडिओत स्वतःहून पेटण्याची क्षमता असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

आता ज्युरीकडे येते. वाळायला टाकलेल्या कॅनव्हाससारखं भिंतीला टेकून उभं राहायचं, शेजारी आपली चित्रं, समोर तीन-चार परीक्षक. यातले एक फक्त "हं" म्हणतात. हा "हं" किती मार्कांचा हे निकाल लागेपर्यंत कळत नाही. दुसऱ्या मॅडम "का?" एवढंच विचारतात. हे लाल का? इथे रेघ का? आणि शेवटी, हळू आवाजात, "मुळात चित्रच का?" याला उत्तर नसतं. तिसरे बाहेरून आलेले असतात, त्यांना परतीची गाडी गाठायची असते आणि माझ्या मते सगळ्यात न्यायी तेच असतात.

त्यांची भाषा कळायला एक वर्ष जातं. "इंटरेस्टिंग" म्हणजे आवडलेलं नाही. "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणजे हे काय आहे? "अजून पुश कर" म्हणजे कुठे ते त्यांनाही माहीत नाही. "स्किल आहे" ही शिवी आहे. "स्किल आहे, पण" याच्यापुढचं ऐकून न घेता मुलं बाहेर येऊन जिन्यात बसतात. आणि "किती वेळ लागला?" हा प्रश्न तर सापळाच. तीन आठवडे म्हणालात तर काम घोटून घोटून मेलेलं असतं, एक दुपार म्हणालात तर गांभीर्य नाही.

याच प्रश्नावर जेम्स व्हिसलर हा चित्रकार कोर्टात जाऊन उभा राहिला होता. त्याच्या रात्रीच्या आतषबाजीच्या चित्राबद्दल जॉन रस्किन या टीकाकाराने १८७७ साली लिहिलं, की हा माणूस लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचे दोनशे गिनी मागतो. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी? व्हिसलर म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या जाणकारीचे. १८७८ साली तो खटला जिंकला. ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं वाजलं. ज्युरीसमोर चोख उत्तर दिल्याने काय पदरात पडतं, याचा याहून स्पष्ट दाखला कलेच्या इतिहासात मला सापडलेला नाही. तरी दर सत्राला एखादा हुशार मुलगा ते "आयुष्यभराची जाणकारी" वापरून बघतोच. वय वर्षं एकोणीस.

आमच्या वर्गात एकजण होता, तो या बाबतीत पोहोचलेला. चित्रं बेताची, पण बोलायला उभा राहिला की परीक्षक बसून घेत. एकदा त्याने पार्सलाचा फाटका खोका भिंतीला टेकवून ठेवला आणि स्थलांतर, देह, स्मृती असं करत करत शेवटी खोक्याच्या आतल्या अंधारापर्यंत आला. मॅडम "का" विचारायच्या विसरल्या. मी शेजारीच होते. माझं मांजर होतं, चारकोलमध्ये, शेपटीचा एकेक केस ओळखू येईल असं. सर मांजराकडे बघून म्हणाले, "स्किल आहे, पण."

त्या दिवसापासून मीही बोलायला शिकले. आर्टिस्ट स्टेटमेंट हा एक वेगळाच वाङ्मयप्रकार आहे. साधारण दीडशे शब्द, त्यात "अवकाश" किमान दोनदा, "शरीर" एकदा, आणि क्रियापद शक्यतो नको. माझ्या मांजराचं पुढे असं झालं: "पाळीव आणि रानटी यांच्या सीमारेषेवरचा, स्मृतीच्या अवकाशात दबा धरलेला देह." मांजर तेच. या वेळी सर म्हणाले, "हं", आणि तो चांगला "हं" होता, एवढं तोवर कळायला लागलं होतं.

आधुनिक कलेच्या इतिहासाचा तास असतो तो मुळात या बोलण्याला दारूगोळा पुरवायला. मार्सेल द्यूशाँने १९१७ साली दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं आडवं ठेवलं, त्यावर आर. मट अशी सही केली आणि न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. फी भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावायचं असा त्या संस्थेचा नियम होता, तरीही ते लावलं नाही. पुढे मूळ भांडं हरवलं, आणि आज संग्रहालयांत दिसतात त्या त्याच्याच संमतीने नंतर केलेल्या प्रती आहेत. ऐकताना अंगावर काटा येतो. घरी जाऊन सांगितलं की बाबा पेपर खाली ठेवून विचारतात, "आणि याची फी आपण भरतोय?"

मोठं संकट मात्र केळ्याचं. मॉरित्सिओ कातेलानने २०१९ साली केळं चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलं, आणि २०२४ साली त्याची एक आवृत्ती लिलावात ६२ लाख डॉलरला गेली. नातेवाइकांत असा एकही उरला नाही ज्याने ती बातमी मला पाठवली नाही. घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि लावायच्या सूचना, केळं आपलं आपण बदलायचं, हे मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. त्याने प्रकरण आणखी चिघळलं. "मग तू इतकी वर्षं ते घोटे कशाला काढत बसलीस?" असं काकांनी विचारलं, आणि खरं सांगते, मॅडमच्या "का" पेक्षा हा प्रश्न सरस होता.

या सगळ्यात मला आधार वाटतो तो पॉल सेझानचा. व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र करताना त्याने त्या बिचाऱ्याला एकशे पंधरा वेळा समोर बसवलं, असं व्होलारनेच लिहून ठेवलंय. जरा हलला की सेझान खेकसायचा, सफरचंद हलतं का? एवढं करून चित्र अर्धवटच सोडलं आणि म्हणाला, शर्टाचा पुढचा भाग तसा वाईट जमलेला नाही. बस. स्टेटमेंट नाही, अवकाश नाही. शर्ट बरा जमलाय.

शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन लावताना माझ्या मोठ्या कॅनव्हासचा डावीकडचा खालचा कोपरा कोराच होता. ज्युरीत त्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. "इथे चित्र श्वास घेतंय," बाहेरून आलेले म्हणाले. मॅडम म्हणाल्या, नाही, इथे ते श्वास रोखून धरतंय. "हं" वाल्या सरांनी त्या दिवशी चक्क पूर्ण वाक्य बोलून मॅडमची बाजू घेतली. मी दोन्ही मतं लिहून घेतली आणि स्टेटमेंटमध्ये दोन्ही घातली.

उद्घाटनाला मावशी आली. तिने चष्मा पुसून सगळं प्रदर्शन शिस्तीत बघितलं, खोकेवाल्याच्या नव्या खोक्यात वाकून पाहिलं, मग माझ्या चित्रापुढे येऊन उभी राहिली. बराच वेळ. शेजारी चिकटवलेलं स्टेटमेंटही तिने ओठ हलवत पूर्ण वाचलं.

"हा कोपरा राहिला का गं?"

"मावशी, तो राहिला नाहीये. तिथे चित्र श्वास घेतंय."

"असू दे, असू दे," मावशी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वेळच कमी देतात तुम्हाला." आणि जाताना दारातल्या अभिप्रायाच्या वहीत, माझ्या सगळ्या सरांच्या सह्यांखाली, ठसठशीत अक्षरात लिहून गेली: "काम फार छान. डावीकडे थोडं राहिलं आहे."