चष्म्याचा नंबर तपासला: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात नव्या कन्सोलच्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस ५) या गेम खेळायच्या यंत्राच्या, ग्राफिक्सवर लिहिलं होतं. म्हणणं एवढंच, की चित्र सुधारतंय, पण पूर्वी नवं यंत्र आलं की तोंडात बोट जायचं, तसं आता होत नाही. त्यावर एका वाचकाने टोपणनावाने दिलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी पदरचं काही घातलं असं नको व्हायला:

"लेख वाचून करमणूक झाली. पीएस ५ ची ताकद १२ टेराफ्लॉप लिहिली आहे, ती १०.२८ आहे. रे ट्रेसिंग, एसएसडी, ६० फ्रेम्स यांना एकेक ओळ, आणि बाकी सगळा 'मला फरक दिसला नाही'चा पाढा. ज्यांना फरक दिसत नाही त्यांनी आधी चष्म्याचा नंबर तपासावा, मग लेख लिहावेत. आणि एवढंच होतं तर जुना देऊन नवा घेतलात कशाला?"

आधी तुमचं बरोबर ते. १२ टेराफ्लॉप (म्हणजे सेकंदाला १२ लाख कोटी गणितं करायची ताकद) हा एक्सबॉक्स सिरीज एक्स या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलचा आकडा, पीएस ५ चा १०.२८. लिहिताना माझी गल्लत झाली. दुरुस्ती केली आहे, आभार. ("आकडा चुकलाय" एवढ्या दोन शब्दांतही हे सांगता आलं असतं, पण मग करमणूक कशी झाली असती?)

आता चष्मा.

चष्मा मी सहावीपासून लावतो. सध्याचा नंबर उणे साडेचार. चार महिन्यांपूर्वीच तपासून घेतलाय. डॉक्टर गेम कमी खेळा म्हणाल्या, ग्राफिक्सबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. एखाद्याचं मत पटलं नाही की त्याच्या डोळ्यांवर घसरायचं, ही पद्धत मला नवी नाही. पण निदान ज्याला हे ऐकवताय तो किती वर्षं पडद्यासमोर बसलाय, हे विचारायचं तरी.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. १९९७ पासून. मोठ्या मावसभावाकडे पहिलं प्लेस्टेशन होतं, दोन कंट्रोलर आणि आम्ही सहा जण. कॅमेरा वळला की त्यात भिंती-जमिनीवर चिकटवलेली चित्रं, म्हणजे टेक्स्चर्स, पाण्याखाली असल्यासारखी लवलवायची, कारण टेक्स्चर बसवताना त्याचा कुठला भाग किती लांब आहे याचा हिशेब करणं त्या यंत्राला जमतच नव्हतं. आम्हाला वाटायचं असंच असतं. मग त्याच्याचकडे पीएस २ आला. जमीन जागच्या जागी राहिली, माणसांना सुटी बोटं फुटली, चेहऱ्यावर रंगवलेले डोळे जाऊन हलणारे डोळे आले. तो फरक चष्मा काढूनही दिसला असता.

माझी आई गेम खेळत नाही, म्हणून तिचं मत मी फार मानतो. पीएस २ वर फुटबॉल चालू असताना ती खोलीतून जाता जाता म्हणायची, "बाहुल्या नाचवून झाल्या का?" पीएस ३ वर तोच खेळ बघून तिने एकदा विचारलं, "मॅच कुठे चालू आहे रे?" पीएस ५ आणला त्या संध्याकाळी पाच मिनिटं उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "नवीन लाव ना, जुनंच काय लावलंयस?" तिला मोतीबिंदू तेव्हाही नव्हता, आताही नाही. तुम्ही विचारायच्या आत सांगून ठेवतो.

आणि रे ट्रेसिंग, म्हणजे गेम चालू असतानाच प्रकाशाचे किरण कुठून कुठे जातात ते मोजणं. ते मला कळत नाही असा तुमचा सूर दिसतो. मी तीन वर्षं गेम बनवणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत लाइटिंगचं काम केलंय. सूर्य कुठे, दिवा कुठे हे ठरवून द्यायचं. मग मशीन रात्रभर बसून प्रकाश भिंतीवरून उसळून जमिनीवर किती पडेल ते मोजून ठेवणार, आणि गेम चालताना कन्सोल ते मोजलेलं फक्त वाचणार. याला आम्ही बेक करणं म्हणायचो. सकाळी येऊन बघावं तर एका कोपऱ्यात काळा डाग. मग पुन्हा रात्रभर बेक. असा आधी भाजून ठेवलेला प्रकाश इतका चांगला दिसतो, की त्याच्या शेजारी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, नव्याने मोजलेला रे ट्रेसिंगचा प्रकाश ठेवला, तर खेळणाऱ्याला पटकन ओळखू येत नाही. ओळखू येतो तो काही हललं की. दार उघडलं, कंदील उचलला, दुपारची संध्याकाळ झाली, की भाजलेला प्रकाश उघडा पडतो, तो जागचा हलत नाही. तेव्हा रे ट्रेसिंगने काय साधलं हे मला तुमच्यापेक्षा, क्षमा करा, जरा जास्तच ठाऊक आहे. माझ्यासारख्यांच्या रात्री वाचल्या. पण ती झेप बनवणाऱ्यांच्या बाजूला पडली, सोफ्यावर बसलेल्याच्या नाही.

तुम्हाला आकडे आवडतात असं दिसतं, तर घ्या. मुख्य मेमरी बघा. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये २ एमबी. पीएस २ मध्ये ३२. पीएस ३ मध्ये २५६ चे दोन वाटे मिळून ५१२. पीएस ४ मध्ये ८ जीबी. दर पिढीला सोळापट, तीन वेळा लागोपाठ. आणि पीएस ५ मध्ये? १६ जीबी. दुप्पट. हे बघायला कुठला चष्मा लागतो?

टेराफ्लॉपचंही तेच. तुम्ही दुरुस्त केलेला आकडाच धरू. पीएस ४ चे १.८४, पीएस ५ चे १०.२८, म्हणजे साडेपाच पट. पण पडदा १०८० पी वरून ४ के ला गेला, की पिक्सेल सुमारे २१ लाखांवरून ८३ लाखांवर जातात. चौपट तिथेच संपले. त्यात सेकंदाला ३० च्या ६० फ्रेम्स हव्यात म्हणजे दुप्पट काम, एकूण आठपट. नवी चिप त्याच टेराफ्लॉपमध्ये जास्त काम उरकते हे मान्य, तरी नव्या चेहऱ्यांसाठी, नव्या जंगलांसाठी फार काही उरत नाही. म्हणून तर 'क्वालिटी' (देखणं चित्र) की 'परफॉर्मन्स' (जास्त फ्रेम्स) असं गेमच आपल्याला विचारतो. झेप घेतलेल्या यंत्राला हे विचारावं का लागतं? पीएस ५ आला २०२० मध्ये, आणि दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आलेला गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक २०१३ च्या पीएस ४ वरही चालतो. पीएस ५ वर तो जास्त देखणा आहे. तोच गेम जास्त देखणा.

६० फ्रेम्स मला स्वतःला हवेच असतात, पण तो हालचालीचा गुण आहे. एसएसडी ही वेगवान साठवण, म्हणजे लोडिंग. ते ग्राफिक्स नव्हे. यावर वाद घालत बसत नाही.

राहिला शेवटचा टोमणा. जुना मी विकला नाही, धाकट्या भावाला दिला. नवा घेतला कारण गेम झटकन सुरू होतो आणि मी आता कामावरून आठ वाजता घरी येतो. हे मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. तिथपर्यंत पोचला असतात तर प्रश्न पडला नसता.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त एका गेमचं नाव आणि त्यातली नेमकी जागा द्या. चालू खेळात, सोफ्यावरून, फ्रेम न थांबवता आणि झूम न करता दिसेल अशी. चष्मा पुसून बघतो.