‘बाय’ लावलं म्हणजे पॅसिव्ह झालं, असं नाही

इंग्रजी पॅसिव्ह व्हॉइसची एक युक्ती सगळीकडे फिरते आहे: कर्ता आणि कर्माच्या जागा बदला, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, ‘बाय’ लावा, कोणतंही वाक्य बदलतं, अर्थ तोच राहतो, आणि हाच आपला कर्मणी प्रयोग. मुलं हे विश्वासाने पाठ करतात, म्हणून एकेक दावा तपासायलाच हवा.

‘कोणतंही वाक्य’ हे चूक. ‘ही स्लेप्ट’मध्ये कर्मच नाही, मग कर्त्याच्या जागी बसवायचं काय? ‘शी हॅज अ कार’मध्ये कर्म आहे, तरीही त्याचा पॅसिव्ह होत नाही.

नुसतं तिसरं रूपही पुरत नाही. त्याआधी ‘बी’चं रूप लागतं आणि काळ तेच सांगतं: ‘राइट्स’चं ‘इज रिटन’, ‘रोट’चं ‘वॉज रिटन’, ‘इज रायटिंग’चं ‘इज बीइंग रिटन’. युक्तीत नेमकं हेच गाळलं आहे.

‘बाय’ तर बहुतेक वेळा नकोच असतं. ‘माय फोन वॉज स्टोलन’ असं आपण म्हणतो, कारण चोर कोण ते माहीत नसतं.

अर्थ तोच राहतो? ‘एव्हरी स्टुडंट रेड वन बुक’ म्हटलं तर प्रत्येकाचं पुस्तक वेगळं असू शकतं. ‘वन बुक वॉज रेड बाय एव्हरी स्टुडंट’ म्हटलं की सगळ्यांनी वाचलेलं एकच पुस्तक डोळ्यांसमोर येतं. अशा जोड्यांतला फरक भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७मध्येच दाखवला होता.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो कर्मणीचा दावा. ‘रामाने पत्र लिहिलं’, ‘रामाने चिठ्ठी लिहिली’, ‘रामाने लेख लिहिला’: क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून मराठीत हा कर्मणी. पण इंग्रजीत हेच ‘राम रोट अ लेटर’, म्हणजे सरळ ॲक्टिव्ह! मराठी प्रयोग ठरवताना क्रियापद कुणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं ते पाहतात. इंग्रजी व्हॉइस ठरवताना कर्त्याच्या जागी करणारा आहे की ज्याच्यावर क्रिया झाली तो, हे पाहतात. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘रामाकडून पत्र लिहिलं गेलं’; आपली व्याकरणं त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. ‘ने’ दिसला की ‘बाय’ लावायला शिकलेलं मूल भूतकाळातलं साधं वाक्यही ‘अ लेटर वॉज रिटन बाय राम’ असं उलटं करून लिहितं. त्याला ‘ने’ नव्हे, ‘गेलं’ शोधायला शिकवा.