बदकांचा राडा आणि माझी कंबर

बदकं पाळायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तळं येतं, कमळं येतात, माझ्यासमोर एकच प्रश्न येतो, हे रोज धुणार कोण? उत्तर कायम मीच असतं, त्यामुळे परसात काहीही ठोकाठोकी करायची झाली की माप बदकांचं नाही, माझ्या कंबरेचं घ्यायचं.

कोंबडी पाणी पिते आणि निघून जाते. बदक पाण्याचा कार्यक्रम करतं. एक घास खाद्य, लगेच चोच पाण्यात, मग चोच मातीत, मग तीच माती पाण्यात खळखळवून बघायची, काही लागतंय का चवीला. बरं, उथळ भांडं ठेवून कटकट मिटवावी तर तेही नाही, डोळे आणि नाकपुड्या साफ राहायला अख्खं डोकं बुडेल एवढं खोल पाणी लागतंच. म्हणजे राडा होणारच, आपण फक्त तो कुठे व्हायचा ते ठरवायचं. म्हणून खड्डा खणून जाड खडी भरायची, वर जाळीची चौकट आणि त्यावर भांडं, सांडलं की खाली मुरलं. चौकट उचलता आली पाहिजे हं, कारण थोड्या दिवसांनी खडीही धुवावी लागते (हो, दगड धुवायचे, हेच आयुष्य आहे आता).

पोहायच्या टबाला तळाशी चांगला दोन इंची बॉल व्हॉल्व्ह हवाच. बारीक तोटीत पिसं आणि गाळ अडकतो आणि मग आपण खांद्यापर्यंत हात घालून बसतो, बदकं भोवती उभी राहून क्वॅक क्वॅक सूचना देतात. टब थोडा उंचावर ठेवला की व्हॉल्व्ह उघडायचा आणि ते काळंहिरवं पाणी आपोआप झाडांच्या बुंध्याशी, झाडं खूश. फिल्टर लावा म्हणणाऱ्यांनी बहुतेक गोल्डफिश पाळलेले असतात. फिल्टर म्हणजे धुवायला अजून एक वस्तू.

खुराड्यात मला ताठ उभं राहता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. बदकं जमिनीवरच झोपतात, त्यामुळे बसायच्या दांड्यांचा खर्च वाचला. जमीन गुळगुळीत, उतार दाराकडे, झरोके वरती, कारण रात्रभरात आत इतकी ओल साठते की विचारू नका. दार मात्र रुंद, कारण ही मंडळी एकेक करून कधीच जात नाहीत, सगळ्यांना एकदमच आणि आधी जायचं असतं. कडी पक्की, आणि कोंबड्यांची पातळ जाळी नको, ती कोंबड्यांना आत ठेवते पण शिकारी प्राण्यांना बाहेर ठेवत नाही.

आणि काम संपलं की जमिनीवरून लोहचुंबक फिरवायचा. चकाकणारा स्क्रू दिसला की बदक तो गिळतं, आणि पोटात गेलेला स्क्रू जिवावर बेतू शकतो. मी वाकून चुंबक फिरवत असतो आणि मागून एकजण माझ्या बुटाची लेस ओढत असतो, तीही खाऊन बघायची असते त्याला.