फळांच्या रसाने चरबी वितळत नाही

‘साखर न घालता काढलेला ताज्या फळांचा रस कितीही प्यायला तरी वजन वाढत नाही, उलट चरबी वितळते’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. संत्र्याच्या २५० मिलिलिटर रसात, वरून चिमूटभरही साखर न घालता, सुमारे ११० कॅलरी आणि २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. एवढ्या रसासाठी तीन-चार संत्री पिळावी लागतात. तीच सोलून खायला बसलो तर दुसऱ्यातच पोट भरल्यासारखे वाटते, पेला मात्र दोन घोटांत रिकामा होतो. गाळणीत उरलेला चोथा, म्हणजे भूक धरून ठेवणारा तंतुमय भाग, आपण (मोठ्या निष्ठेने) फेकून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही रसातील नैसर्गिक साखर मर्यादित ठेवायच्या साखरेतच मोजली आहे. रसात क जीवनसत्त्व असते हे खरे. चरबी वितळवणारा घटक मात्र त्यात नसतो.