बाहेर काढणे म्हणजे वाचवणे नव्हे

एस्टोनियातील कुर्तना परिसरातल्या तलावातून २००० साली काढलेल्या टी-३४ या दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्याबद्दल 'वर आला आणि वाचला' असे एका लेखात म्हटले आहे, ते मला पटले नाही. १९४४ पासून तो पाण्याखाली टिकला, कारण तळाच्या गाळात प्राणवायू जवळजवळ पोहोचतच नव्हता. हवा लागल्यावर मात्र गंज वेगाने धरू लागतो. कोकणातील एका खाडीतून काढलेल्या लोखंडी तोफेचे पापुद्रे वर्षभरात सुटताना मी पाहिले आहेत. तिथे पाणी खारे होते हे खरे, पण लोखंडात मुरलेले क्षार काढण्याची महिनोन्‌महिने चालणारी प्रक्रिया कोणी केलीच नाही, याचे आजही वाईट वाटते. शिवाय त्या रणगाड्यात तोफगोळेही सापडले होते, आणि अशा कामातला तो धोका लेखात यायलाच हवा होता.