रोजच्या फोर बाय फोरला बीडलॉक: फिरत असलेल्या सल्ल्याचा प्रतिवाद

आठवडाभर डांबरावर आणि सुट्टीत दगडधोंड्यांत, अशी दोन्हीकडे राबणारी फोर बाय फोर असणाऱ्यांमध्ये बीडलॉकबद्दल, म्हणजे टायरची कड बोल्टांनी आवळून धरणाऱ्या रिमबद्दल, एक सल्ला हातोहात फिरतो आहे. गोषवारा असा: "रिम घ्यायची तर बीडलॉकच. टायर कधीच सुटत नाही. पंक्चर झालं तरी गाडी चालत राहते. बोल्ट एकदा कसले की विसरून जा. बॅलन्सिंग होत नाही ही जुनी रड आहे. आणि रस्त्यावर चालत नसती तर मोठ्या कंपन्यांनी अशी रिम दिलीच नसती." बहुतेक वाक्यांत चिमूटभर खरं आहे, म्हणूनच सल्ला पटतो. एकेक वाक्य घेऊ.

"टायर कधीच सुटत नाही." टायरची आतली जाड कड, जिच्यात पोलादी तारा असतात ती बीड, साध्या रिमवर मुख्यतः हवेच्या दाबाने जागेवर राहते. दाब उतरवलेला असताना बाजूने जोर आला की ती आत सरकते आणि सगळी हवा एका दमात जाते. बीडलॉक रिमवर बाहेरची बीड दोन रिंगांच्या मध्ये धरून साधारण 24 ते 32 बोल्टांनी आवळलेली असते. बाहेरची, हे लक्षात घ्या. बहुतेक बीडलॉकमध्ये आतल्या बाजूची बीड साध्या रिमसारखीच हवेच्या भरवशावर असते. वळणात आणि दगडावर घासताना बाहेरची बाजू जास्त मार खाते, त्यामुळे एका बाजूची पकडही मोठं काम करते. पण 'कधीच' हा शब्द जाहिरातीतला आहे. दोन्ही बाजू धरायच्या तर लष्करी हमवीवर असते तशी दोन तुकड्यांची रिम आणि मध्ये रबरी इन्सर्ट लागतो, किंवा टायरच्या आत स्वतंत्र व्हॉल्वची, जास्त दाबाची नळी. रोजच्या गाडीवर दोन्हींचं वजन आणि उस्तवार जड जाते.

आता मूळ प्रश्न, जो त्या सल्ल्यात विचारलेलाच नाही: तुम्ही हवा किती खाली उतरवता? रस्त्यावर 30 ते 35 पीएसआय, वाळूत 15 ते 18, खडकाळ चढावर 12 ते 15 एवढ्यावर भागत असेल, तर चांगला टायर योग्य रुंदीच्या साध्या रिमवर टिकतो, अट एवढीच की या दाबाला वेग कमी ठेवायचा आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही. बीडलॉक खरं काम करतं ते 10 पीएसआयच्या खाली, 5 ते 8च्या पट्ट्यात, जिथे टायर दगडाभोवती अक्षरशः गुंडाळला जातो. तिथे रिम टायरच्या आतल्या आत घसरून फिरण्याचा त्रासही या पकडीने थांबतो. त्या दाबाला तुम्ही कधी गेलाच नसाल, तर तुमच्यासाठी बीडलॉक म्हणजे वजन आणि शोभा. आधी रिमची रुंदी तपासा. 12.5 इंच रुंदीचा टायर 10 इंचाऐवजी 8.5 इंच रिमवर बसवला तर कमी दाबाला बीड जास्त धरून राहते. फक्त ती रुंदी टायर कंपनीच्या तक्त्यात मान्य असली पाहिजे. बीड बसते त्या जागेवर खाचा असलेल्या रिमही मिळतात, उदाहरणार्थ मेथड या कंपनीच्या 'बीड ग्रिप' रिम. बोल्ट नाहीत, देखभाल नाही. दुहेरी वापराच्या बऱ्याच गाड्यांना तेवढं पुरतं.

"पंक्चर झालं तरी चालते." हा दावा सर्वांत घातक. बीडलॉक बीड धरतं, गाडीचं वजन धरत नाही. हवा गेली की टायरची बाजूची भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिरडली जाते, तापते आणि थोड्याच अंतरात आतून फाटते. चिखलातून मोकळ्या जागेपर्यंत रांगत जाता येतं, एवढीच सवलत. बिनहवेचं चालवायचं काम रन-फ्लॅट इन्सर्टचं, ती वेगळी वस्तू आहे. याच कारणाने 8 पीएसआयवर डांबरी रस्त्याने घरी येणंही चूक. कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर बीडलॉकचा विचारच करू नका.

"बोल्ट एकदा कसले की विसरून जा." इथे जरा सविस्तर, कारण बीडलॉकचं सगळं दुखणं या बोल्टांत आहे. रिंग आवळते रबराला, आणि रबर दाबाखाली हळूहळू बसतं. ते बसलं की बोल्टाचा ताण उतरतो, बोल्ट स्वतः एक आटाही मागे फिरलेला नसताना. म्हणून पहिल्या बसवणीनंतर काही तासांनी, मग 50 ते 80 किलोमीटर चालवून, आणि पुढे प्रत्येक ऑफरोड फेरीनंतर टॉर्क, म्हणजे बोल्ट कसण्याचा जोर, तपासायचा. चार चाकं, प्रत्येकी 32 बोल्ट, म्हणजे 128. हे करायची तयारी नसेल तर बीडलॉक घेऊ नये, इतकं सरळ आहे.

बसवताना आधी सगळे बोल्ट हाताने लावा. मग टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत, समोरासमोरचे बोल्ट घेत आवळा. 5/16 इंच बोल्टांना शेवटचा टॉर्क बहुधा 20 ते 27 न्यूटन मीटरच्या आसपास असतो. रिम कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. शेवटी ओळीने दोन फेऱ्या, कारण एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल पडतो. इम्पॅक्ट गनने शेवटचा कस देणं हा ॲल्युमिनियममधले आटे खाण्याचा हमखास मार्ग. आटे अडकून बसू नयेत म्हणून अँटी-सीझ ग्रीस लावायचं की नाही हेही कंपनीच्या सूचनेनुसार ठरवा: कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या बोल्टाला दिला तर ताण बराच जास्त पडतो आणि बोल्ट तुटतो. रिंगभोवतीची फट सगळीकडे सारखी हवी. बीड जाड असेल तर रिंग वाकते, पातळ असेल तर पकडच मिळत नाही आणि हवा झिरपते. अशा वेळी फट जुळवायला कंपनीचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, वापरतात. आतली बीड बसवायला हवा भरताना 40 पीएसआयच्या वर जाऊ नये.

बोल्ट सैल करण्यापूर्वी व्हॉल्वमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. हवेसकट सैल केलेली रिंग उडून जीव घेऊ शकते. दगडावर घासून डोकी झिजलेले बोल्ट पुढच्या वेळी पान्यात बसत नाहीत, म्हणून त्याच दर्जाचे दहा-बारा सुटे बोल्ट गाडीत ठेवायचे.

बॅलन्सिंगची रड जुनी आहे हे खरं, खोटी मात्र नाही. साध्या रिमवर टायर आपोआप मध्यावर येतो. बीडलॉकवर बाहेरची बीड तुम्ही ठेवाल तिथे आवळली जाते. ती थोडी जरी एका बाजूला राहिली तर चाक गोल फिरत नाही, आणि हा दोष कितीही वजनं चिकटवून जात नाही. हायवेला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाक उचलून, फिरवून टायरचा घेर वरखाली होतो का ते पाहा. होत असेल तर रिंग काढून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही. रिंग आणि बोल्टांचं जादा वजन चाकाच्या परिघाजवळ असतं, त्यामुळे ब्रेक, पिकअप आणि सस्पेन्शन तिघांनाही ते जाणवतं.

राहिला कंपन्यांचा दाखला. फोर्डच्या ब्रॉन्को आणि एफ-150 रॅप्टरसाठी येणाऱ्या काही रिम 'बीडलॉक-केपेबल', म्हणजे पुढे बीडलॉक करता येण्याजोग्या, असतात. कारखान्यातून निघताना त्यांवर शोभेची रिंग असते आणि टायर साध्या पद्धतीनेच बसवलेला असतो. आवळणारी रिंग वेगळी घ्यावी लागते, आणि ती ऑफरोडसाठीच अशी सूचना सोबत असते. म्हणजे हा दाखला सल्ल्याच्या उलट बाजूने बोलतो. रस्त्यावरचे नियम जागोजागी वेगळे. रिमवर किंवा तिच्या कागदावर 'फक्त ऑफरोड वापरासाठी' छापलेलं असेल तर अपघातानंतर विमा कंपनी ते वाक्य नक्की वाचेल. नुसते दिखाऊ बोल्ट असलेल्या नकली बीडलॉकही बऱ्याच विकल्या जातात. खरी ओळखायची तर पाहा: बोल्ट काढल्यावर रिंग सुटी होते का, आणि रिंगच्या मागे टायरची कड चिमटलेली आहे का.

एवढं होऊनही 8 पीएसआयला जाणारे तुम्ही असाल तर दोन सेट ठेवा: रोजच्यासाठी साधी रिम, ऑफरोडसाठी बीडलॉक. एकाच सेटवर भागवायचं असेल तर प्रत्येक रिमची भारक्षमता जड ॲक्सलवरच्या कमाल वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी नसावी. रिंगमुळे बाहेर वाढणारी रुंदी ऑफसेटच्या (रिम किती आत-बाहेर बसते त्याच्या) हिशोबात धरा, आणि ब्रेकच्या कॅलिपरपासूनची मोकळीक टायर चढवण्याआधी नुसती रिम लावून तपासा. स्टेपनी साध्या रिमवर चालेल, टायरचा घेर मात्र बाकीच्या चारांइतकाच हवा, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो.