अनुनाद म्हणजे फक्त वारंवारता जुळणं नव्हे

तुमच्या लेखात अनुनाद (रेझोनन्स) म्हणजे बाहेरच्या धक्क्याची वारंवारता वस्तूच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळणं, एवढंच सांगितलंय. ते अपुरं आहे. अक्षय्यतेच्या हायपरबोलिक समीकरणांत, म्हणजे वस्तुमान, संवेग अशा टिकून राहणाऱ्या राशी लाटांनी कशा पसरतात हे सांगणाऱ्या समीकरणांत, दोन लाटांचे वेग एक झाले, तरी अनुनाद होतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा आहे. माथ्यावरून पाणी गुळगुळीत वाकतं, पायथ्याशी नुसता फेस. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. ४० सेंटिमीटर खोलीला सेकंदाला साधारण २ मीटर. माथ्यावर प्रवाहानं तोच वेग गाठला, की उलट जाणारी लाट जागीच अडते. या समीकरणांत तळाचा उंचवटाही एक लाटच धरतात, आणि ती तर मुळातच शून्य वेगाची! दोघींचे वेग एक झाले, हाच अनुनाद. मग एकाच प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरं निघू शकतात. पुराचं गणित मांडणाऱ्यांची खरी कसोटी इथंच लागते. पुढच्या भागात यावर जरूर लिहा.